लिंबाची पानं दर पावसाळ्यात पिवळी पडतात? फवारण्याआधी कोणतं पान पिवळं झालंय ते बघा

आमच्या दौंडच्या घरामागे, न्हाणीघराच्या पाटापासून दहा-बारा फुटांवर एक कागदी लिंबू आहे. २०११ मध्ये घर बांधून झालं तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते लावलं. पहिली काही वर्षं झाड छान वाढलं, लिंबंही भरपूर दिली. मग दर पावसाळ्यात एकच प्रकार सुरू झाला. आषाढात नवती, म्हणजे नवी पालवी, फुटायची, आठ-दहा दिवस कोवळी तकतकीत दिसायची आणि मग हिरवी होण्याऐवजी पिवळी, पुढे जवळजवळ पांढुरकी व्हायची. शेंडे वाळायचे, फुलं गळायची.

मी दुकानातून सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली आणायचे, फवारायचे. पंधरा दिवसांत पानं हिरवी व्हायची आणि मला वाटायचं, झालं काम. पुढच्या नवतीला पुन्हा तेच. एके वर्षी दुकानदाराने कीटकनाशक, बुरशीनाशक आणि टॉनिक असं तिन्ही एकत्र करून दिलं. त्याने कोवळी पानं करपली. अशी चार वर्षं गेली. शेवटी इलाज सापडला तो बाटलीत नव्हता, जमिनीत होता. त्या चार वर्षांत मी जे बघायला शिकले ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण शेजारीपाजारी सगळ्यांच्या परसात हेच चाललेलं दिसतं. पान पिवळं दिसलं की बाटली. ताप कशाने आला ते न बघता गोळी द्यावी, तसं.

नवं पान की जुनं?

झाडासमोर उभं राहिल्यावर पहिला प्रश्न हाच. पिवळेपणा फांदीच्या टोकाला, कोवळ्या पानांवर आहे, की खाली, मागच्या जुन्या पानांवर?

नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाच्या अंगात हिंडती-फिरती असतात. कमी पडायला लागली की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं. म्हणून त्यांची कमतरता आधी जुन्या पानांवर दिसते. लोह, जस्त, मँगनीज यांचं तसं नाही. ती एकदा ज्या पानात बसली तिथेच बसतात. मुळांकडून नवी आली नाहीत, तर नवतीच उपाशी राहते.

आता एक पान तोडा आणि उन्हाकडे धरून बघा. फोटोपेक्षा यात जास्त कळतं. लोह कमी असेल तर पान पिवळं आणि त्यावर बारीकात बारीक शिरा हिरव्या दिसतात, पिवळ्या कापडावर हिरव्या दोऱ्याने जाळी विणल्यासारख्या. जस्त कमी असेल तर पान लहान, अरुंद, टोकदार होतं, पानं एकमेकांजवळ झुबक्यासारखी येतात आणि शिरांच्या मधला भाग पिवळा पडून शिरेलगत रुंद हिरवा पट्टा राहतो. लोहात शीर तेवढी हिरवी, जस्तात शिरेच्या कडेचा पट्टाही हिरवा. हा फरक एकदा डोळ्यात बसला की मग चुकत नाही.

जुन्या पानात मॅग्नेशियमची खूण ठळक असते. कडा आणि टोक पिवळं होतं, देठाजवळ मात्र पाचरीच्या आकाराचा हिरवा तुकडा उरतो. नत्र कमी असेल तर अख्खं जुनं पान एकसारखं फिकट होतं आणि गळतं. पण झाडाच्या आतल्या भागातली दोन-चार जुनी पानं पिवळी होऊन गळणं हे म्हातारपण आहे, त्याचा इलाज करू नका.

याच्या अगदी उलटं चित्र दिसलं, म्हणजे शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा, तर खत विसरा. ते बहुतेक वेळा मुळं कुजल्याचं किंवा बुंध्याची साल खराब झाल्याचं लक्षण असतं. बुंध्याकडे वळा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत का?

अन्नद्रव्याची कमतरता पानाच्या दोन्ही अर्धांवर सारखीच उमटते, जणू पान मधोमध घडी घालून ठसा उमटवलाय. रोगाला असं काही बंधन नसतं. डावीकडे मोठा पिवळा डाग, उजवीकडे त्याच जागी हिरवं, कुठे ठिपका तर कुठे पट्टा, असं दिसलं तर सावध व्हा.

लिंबूवर्गीय झाडांत याला फार महत्त्व आहे, कारण ग्रीनिंग नावाचा रोग जस्ताच्या कमतरतेसारखाच भासतो. तो एका जिवाणूमुळे होतो आणि सिट्रस सायला नावाचा तिळाएवढा किडा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. त्याचे डाग दोन्ही बाजूंना जुळत नाहीत, सुरुवातीला एखादीच फांदी पिवळी होते आणि फळं लहान, वेडीवाकडी राहतात. झालेल्या झाडाला औषध नाही. आजूबाजूला आणखी लिंबू, मोसंबी असेल तर असं झाड काढून टाकलेलंच बरं. पण तसा संशय आला म्हणून घाईने कुऱ्हाड चालवू नका. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात फांदी दाखवा. सगळ्या फांद्यांवर, दोन्ही बाजूंना सारखा पिवळेपणा असेल तर तो ग्रीनिंग असण्याची शक्यता कमी.

आमच्या झाडाची पानं मी अशी उन्हाकडे धरली तेव्हा चित्र स्वच्छ होतं. नवती पिवळी, दोन्ही बाजू सारख्या, बारीक शिरा हिरव्या. म्हणजे लोह. मग प्रश्न असा की चार वर्षं लोह फवारूनही ते कमी कसं पडतं?

खाली खणल्यावर

मे महिन्यात, झाडाच्या फांद्या जिथे संपतात त्या घेरावर, मी आणि माझ्या दिराने कुदळीने खणायला घेतलं. वीतभर काळी माती लागली आणि मग कुदळ खणकन वाजली. सिमेंटच्या गिलाव्याचे तुकडे, विटांचा चुरा, एका ठिकाणी तर घट्ट झालेल्या सिमेंटचा गोणीच्या आकाराचा गोळा. घर बांधताना उरलेला राडारोडा मागे टाकून त्यावर माती पसरली होती. पहिली काही वर्षं झाड लावलेल्या खड्ड्यातल्या चांगल्या मातीवर जगलं. मुळं खड्ड्याबाहेर गेली तेव्हा दुखणं सुरू झालं.

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्या मातीचा एक गोळा ताटलीत घेतला आणि त्यावर व्हिनेगर ओतलं. बारीक फेस आला, कान जवळ नेल्यावर चुरचुर ऐकू आली. त्या मातीत चुना भरपूर आहे याची ती खूण. हा प्रयोग कुणीही घरी करू शकतं. फेस जोरात आला तर माती चुनखडीची समजायची. तुमच्याकडे बांधकामाचा भराव नसला तरी काळ्या जमिनीत खाली चुनखडीचा थर अनेक ठिकाणी असतो.

अशा मातीत लोह नसतं असं नाही, पुष्कळ असतं. पण मातीचा सामू, म्हणजे पीएच, वाढला की ते मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही, कुलूपबंद होतं. आणि हे पावसाळ्यातच का व्हायचं, तेही तेव्हा उलगडलं. चुनखडीची माती पाण्याने भरून गेली, हवा खेळेनाशी झाली की मातीतल्या पाण्यात बायकार्बोनेट साठतात आणि लोह आणखीच अडतं. नेमकी तेव्हाच नवती फुटते. वर न्हाणीघराचं साबणाचं पाणी बारा महिने त्या बाजूला मुरत होतं आणि उन्हाळ्यात आम्ही बोअरचं जड पाणी घालत होतो, ज्याने चहाच्या पातेल्यात पांढरा थर बसतो. फवारणीने समोरची पानं हिरवी व्हायची. पुढची नवती पुन्हा त्याच मुळांच्या भरवशावर यायची.

आणखी एक. चुलीची राख आणि अंड्यांची टरफलं आम्ही वर्षानुवर्षं त्या आळ्यात टाकत होतो, चांगल्या मनाने. राख सामू वाढवते आणि टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीच. आम्लधर्मी लाल मातीत, कोकणात वगैरे, राखेचा उपयोग होईल. आमच्यासारख्या मातीत ते दुखणं वाढवणं आहे.

आम्ही काय केलं

न्हाणीघराचं पाणी पाइप टाकून केळीकडे वळवलं. हे सगळ्यात आधी.

मग घेरावर चार बाजूंना हातभर खोल, दीड फूट लांबीचे चर खणले. एका वेळी चारही नाही. दोन मे महिन्यात आणि दोन पुढच्या वर्षी, म्हणजे मुळं एकदम तुटत नाहीत. राडारोडा काढला, त्या जागी चांगली माती, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत भरलं. शेणखतात थोडं हिराकस ओलसर करून आठ दिवस मुरवून ठेवलं होतं. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, चुनखडीच्या मातीवर नुसतं टाकलं की लगेच अडकतं. शेणखतात मुरलेलं बरंचसं मुळांपर्यंत पोचतं. गंधकाची भुकटीही प्रत्येक चरात मूठभर टाकली. तिचा परिणाम सावकाश, महिन्यांनी दिसतो, कारण मातीतले जिवाणू तिचं आम्लात रूपांतर करतात तेव्हाच सामू उतरतो.

बाजारातून चिलेटेड लोह, म्हणजे मातीत लगेच अडकू नये म्हणून दुसऱ्या पदार्थाशी बांधलेलं लोह, घेणार असाल तर पाकिटावरचं नाव वाचा. ईडीटीए लिहिलेलं चुनखडीच्या मातीत फार टिकत नाही, ते फवारणीला घ्या. मातीत द्यायला ईडीडीएचए हवं. ते महाग आहे, रंगाने गडद तांबडं असतं आणि जास्त सामूतही टिकून राहतं. पाकिटावरच्या मात्रेत, पाण्यात विरघळवून, नवती फुटण्याच्या सुमारास मुळांशी द्यायचं.

फवारणी आम्ही पूर्ण सोडली नाही. पहिली दोन वर्षं मुळं सावरेपर्यंत झाडाला आधार लागतोच. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम लिंबूसत्व, संध्याकाळी, आधी एका फांदीवर फवारून दोन दिवस बघायचं, पानं करपली नाहीत तरच बाकीच्या झाडावर. जस्ताची कमतरता असेल तर ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना लिटरला. लोहाची आणि जस्ताची फवारणी एकत्र करू नका.

माती तपासून घेतलीत तर उत्तमच. घेरावर तीन-चार ठिकाणी फूटभर खोल खड्डा घ्यायचा, कडेची माती वरपासून खालपर्यंत एकसारखी खरवडायची, मिसळून सावलीत वाळवायची आणि अर्धा किलो प्रयोगशाळेत द्यायची. सामू आणि मुक्त चुनखडी या दोन गोष्टी आवर्जून मागा.

पान पिवळं नाही, वाकडं आहे किंवा खाल्लेलं आहे

कीड कुठेतरी खूण सोडतेच. पांढरा कागद फांदीखाली धरून फांदी दोनदा झटका, काय पडतं ते भिंगाने बघा.

कोवळ्या पानावर चांदीच्या रंगाची नागमोडी रेघ आणि पान आखडलेलं, हे नागअळीचं काम. अळी पानाच्या पापुद्र्याच्या आत असते, त्यामुळे वरवरच्या फवारणीने तिला फारसं काही होत नाही. नवती दोन बोटं झाली की निंबोळी अर्क फवारायचा. ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून, गाळून, थोडं साबणाचं पाणी घालून. पाच-सात दिवसांनी पुन्हा. पान पक्कं झाल्यावर नागअळीचा त्रास आपोआप थांबतो. त्यामुळे मोठ्या झाडावर थोडीफार दिसली तर मी आता लक्षही देत नाही.

पान कडेने खाल्लेलं असेल तर पानाच्या वरच चिमणीची विष्ठा पडल्यासारखं काही दिसतंय का ते नीट बघा. ती लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी असते. मोठी झाली की हिरवीगार होते आणि बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुहेरी शिंग बाहेर काढते, त्याला उग्र वास येतो. माझ्या मुलीला ते शिंग बघायला फार आवडतं. अळ्या हाताने वेचून कढीपत्त्याच्या मोठ्या झाडावर ठेवल्या तर तिथे त्या वाढतात. लहान रोपावर मात्र दोन अळ्या चार दिवसांत सगळी पानं संपवतात, तिथे रोज सकाळी बघायला हवं.

कोवळा शेंडा वाळतोय, तिथे पांढऱ्या मेणासारखे वळलेले धागे आणि मागचा भाग उंच करून बसलेले तपकिरी किडे दिसतायत? तो वर सांगितलेला सायला. तो कढीपत्त्यावर आणि कामिनीच्या झुडपावरही राहतो, त्यामुळे फवारणी तिन्हीवर एकाच दिवशी करा. मात्र कढीपत्त्याची पानं नंतर आठवडाभर स्वयंपाकात घेऊ नका.

पानावर, फळावर खडबडीत तपकिरी फोड आणि भोवती पिवळं वलय असेल तर तो खैऱ्या. फोड पानाच्या दोन्ही बाजूंना हाताला लागतो, हीच त्याची ओळख. कागदी लिंबाला हा जिवाणूजन्य रोग फार लवकर होतो आणि पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो. नागअळीने फाडलेल्या पानातून तो सहज आत शिरतो, म्हणून दोन्ही एकत्र दिसतात. रोगट फांद्या पावसाळ्याआधी, कोरड्या हवेत छाटून जाळाव्यात. पाऊस चालू असताना कात्री लावू नका. नवती आली की कॉपर ऑक्सिक्लोराइड ३ ग्रॅम लिटरला फवारायचं आणि लेबलवर दिलेले दिवस गेल्याशिवाय लिंबं तोडायची नाहीत.

बुंधा

शिरा पिवळ्या असलेलं पान दिसलं किंवा झाड एका बाजूने वाळत चाललं, तर बुंध्याजवळची माती हाताने बाजूला करा. साल काळपट, ओलसर, तिच्यातून डिंक ओघळतोय? तो डिंक्या. मातीतल्या बुरशीमुळे होतो आणि बुंध्याला पाणी लागून राहिलं की हमखास येतो. खराब साल चाकूने निरोगी भाग लागेपर्यंत खरवडा आणि बोर्डो मलम लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत. चुना फुलला, थंड झाला की दोन्ही एकत्र ओता. त्यात स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघा. खिळ्यावर तांबूस थर आला तर चुना आणखी घाला. जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत ब्रशने लावायचं, पावसाळ्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा.

पाणी देताना दुहेरी आळं करा. बुंध्याभोवती मातीची लहान भर, तिच्यापासून लांब दुसरा वरंबा, आणि पाणी फक्त मधल्या चरात. खोडाला थेंबही लागता कामा नये.

इतर झाडांबद्दल थोडक्यात

आंब्याच्या पानावर, अंगणातल्या फरशीवर मोहोराच्या दिवसांत चिकटा पडत असेल तर तुडतुडे. मोहोरावर पांढरी भुकटी असेल तर भुरी, तिला पाण्यात मिसळणारं गंधक २ ग्रॅम लिटरला. फुलं उमललेली असताना कीटकनाशक टाळा, मधमाश्या मेल्या तर फळधारणाच होणार नाही.

पेरूत अळ्या निघतात त्या फळमाशीच्या. फळ पिकायच्या बरंच आधी मिथाइल युजेनॉलचे, म्हणजे नर माश्यांना ओढणाऱ्या वासाचे, सापळे टांगा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने केलेला ‘रक्षक’ सापळा याच कामाचा. त्यात फक्त नर अडकतात, म्हणून उशिरा लावून उपयोग नाही. पडलेली फळं रोज गोळा करून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा, नुसती उकिरड्यावर टाकली तर तिथून पुन्हा माश्या निघतात.

सीताफळावर पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. आधी मुंग्यांकडे बघा. त्या गोड चिकट्यासाठी ढेकणांची राखण करतात आणि त्यांना खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. खोडाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावलं आणि फळांवर साबणाच्या पाण्याचा जोरदार फवारा मारला तर अर्ध्याहून जास्त काम होतं. पानांवरची काजळी, म्हणजे काळी बुरशी, हीही या चिकट्यावरच वाढते. चिकटा करणारी कीड गेली की ती सुकून पडते, तिला वेगळं औषध लागत नाही.

इलाज लागू पडला का, हे कसं ओळखायचं

पिवळं पान पूर्ण हिरवं होईल याची वाट बघू नका. खैऱ्याचा फोड पानावरून कधीच जात नाही, नागअळीची रेघही नाही. मी काही केलं की त्या दिवशी तीन फांद्यांच्या शेवटच्या पक्क्या पानाखाली रंगीत दोरा बांधते आणि वहीत तारीख लिहिते. दोऱ्याच्या पुढे जे फुटेल तेवढंच बघायचं.

चर भरल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात लाल दोऱ्याच्या पुढची पानं पिवळीच आली होती, थोडी कमी एवढंच. माझा धीर सुटत होता. दुसऱ्या वर्षी उरलेले दोन चर भरले. त्या आषाढात निळ्या दोऱ्याच्या पुढे सहा पानं फुटली, त्यातली खालची चार गडद हिरवी झाली आणि टोकाची दोन फिकट राहिली. भिंतीकडच्या फांदीवर मात्र अजून पिवळेपणा आहे. तिथे पायाजवळ भराव आणखी खोल असणार, तेव्हा यंदा मे महिन्यात त्या बाजूला एक चर घ्यायचा आहे.